डिसेंबरातला एक महिना

२०२३ च्या डिसेंबरात मी साउदॅम्प्टनला होतो. ऑनसाइट. क्लायंटचं हापिस २२ तारखेच्या दुपारीच ओस पडलं, ते आता थेट जानेवारीत उघडणार. इंग्लंडातला नाताळ ज्यांनी एकट्याने काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. २५ तारखेला रेल्वे बंद, दुकानं बंद आणि दुपारी चारला मिट्ट काळोख. तेव्हा गाड्या चालू आहेत तोवर कुठेतरी जाऊन येऊ म्हणून २३ ला, शनिवारी, उठलो आणि पोर्ट्समथ गाठलं. नेल्सनचं जहाज वगैरे बघून झालं. मग आठवलं की इथेच शेजारी साउथसी आहे आणि तिथे आपल्या मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग लहानपणी राहायला होता. कॅम्पबेल रोड, घर नंबर ४.

घर अगदीच साधं निघालं. भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे म्हणून कळलं, नाहीतर पुढे निघून गेलो असतो. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. फोटो काढला आणि लेकीला पाठवायला फोन उघडला, तर साताऱ्यात रात्र झाली होती. ती तेव्हा दुसरीत. बायकोचंही सिंगापूरचं काम नेमकं त्याच तीन महिन्यांत निघालेलं, त्यामुळे आई-बाबा पुण्याला आमच्या घरी येऊन राहिले होते आणि नाताळच्या सुट्टीत तिला साताऱ्याला घेऊन गेले होते. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. "कशी आहेस?" "मजेत." रोज हेच. फोटो काही पाठवला नाही. या घराची गोष्ट तिला काय सांगणार, हा प्रश्नच होता. ती गोष्ट नीट वाचून काढली ती परत आल्यावर, आणि आज लिहितोय तीच.

किपलिंग म्हटलं की आपल्याकडे एकतर जंगल बुक आणि रविवार सकाळचा दूरदर्शनवरचा मोगली आठवतो, नाहीतर कट्टर साम्राज्यवादी. दोन्ही बरोबर. याच माणसाने १९२० मध्ये जनरल डायरच्या मदतनिधीला १० पौंड दिले होते. ते विसरून लिहायचा माझा विचार नाही. पण आजचा विषय पाच वर्षांचा किपलिंग आहे आणि त्याने अजून कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

त्याचा जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५. वडील जॉन लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवायला आले होते. क्रॉफर्ड मार्केटच्या (म्हणजे महात्मा फुले मंडईच्या) दारांवर दगडात कोरलेली शेतकऱ्या-कामकऱ्यांची चित्रं आहेत ना, ती यांचीच कामगिरी. मंडईत शिरताना सहसा कुणी मान वर करत नाही, पुढच्या वेळी करा. आई ॲलिस. घरात एक गोव्याकडची ख्रिस्ती आया आणि मीता नावाचा हिंदू नोकर. मुलाचं खरं जग या दोघांचं. आयेबरोबर सकाळी फळबाजारात, संध्याकाळी समुद्राकाठी माहीमच्या माडांखाली. वाटेतल्या क्रूसापाशी आया गुडघे टेकायची तर हा शेजारी उभा, आणि मीता छोट्या देवळात शिरला तर त्याचं बोट धरून हा आत. तो विचार करायचा, स्वप्नं बघायची ती सुद्धा इथल्या भाषेत. दिवाणखान्यात आईबापांपुढे नेण्याआधी नोकरांना त्याला बजावावं लागे की आता इंग्रजीत बोल हं.

ही भाषेची गोष्ट नुसती गंमत म्हणून सोडून देऊ नका. हिंदुस्थानातले इंग्रज आपली मुलं पाचव्या-सहाव्या वर्षी विलायतेला धाडून देत, त्यामागे दोन भीती होत्या. एक मरणाची, आणि ती खोटी नव्हती. किपलिंगच्याच घरी १८७० साली जन्मलेलं तिसरं बाळ काही दिवसांत गेलं. दुसरी भीती अशी की मूल इथलंच होऊन बसेल. उच्चार बिघडतील, नोकरांच्या मांडीवर वाढलेला पोरगा साहेब कसा होणार? हे सगळ्यांचंच चाललेलं. कादंबरीकार थॅकरे कलकत्त्यात जन्मला, त्यालाही पाचव्या वर्षी असंच बोटीवर चढवलं होतं. म्हणजे ॲलिस आणि लॉकवुडने काही जगावेगळं केलं नाही, जे सगळे करत होते तेच केलं. माझ्या मते हेच जास्त त्रासदायक आहे. दुष्ट आईबाप असते तर गोष्ट सोपी झाली असती.

१८७१ साली ते रजेवर इंग्लंडला गेले. मुलगा सहाला टेकलेला, धाकटी बहीण ट्रिक्स तीन वर्षांची. परत येताना दोघांना साउथसीला लॉर्न लॉज नावाच्या घरात, हॉलोवे नावाच्या कुटुंबाकडे, पैसे देऊन ठेवलं. ओळखपाळख काही नाही, वर्तमानपत्रातली जाहिरात बघून ठरवलेलं. हिंदुस्थानातल्या साहेबांची मुलं सांभाळणं हा तेव्हा बऱ्याच घरांचा रीतसर जोडधंदा होता.

आता कुणीही विचारेल, सख्ख्या मावश्या नव्हत्या का? होत्या की, आणि कशा! एक चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सची बायको, एक चित्रकार एडवर्ड पॉइंटरची, आणि तिसरीचा मुलगा पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला, स्टॅनले बाल्डविन. पण आधीच्या एका फेरीत आमच्या या साहेबांनी आजोळी उच्छाद मांडला होता. चिडलेला रडी येतोय, वाट सोडा, असं ओरडत तो गावच्या रस्त्यातून चालला होता म्हणे. (रडी हे त्याचं घरातलं नाव. मराठीत कसं वाटतं ते जाऊ द्या.) शिवाय नातेवाइकांकडे मुलं ठेवली की गुंते होतात असं ॲलिसचं मत होतं. पैसे दिले की व्यवहार स्वच्छ.

मुलांना काय सांगितलं? काहीही नाही. आईबाप निरोप न घेता निघून गेले. मुलांना त्रास नको म्हणून. ट्रिक्सने १९३९ साली, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर, या दिवसांच्या आठवणी लिहिल्या, त्यात ही गोष्ट आहे. सत्तर वर्षं झाली तरी ती बाई त्या सकाळीपासून हलली नव्हती. आपण परत का येत नाही हे कुणीच सांगितलं नाही, तर मूल स्वतःच उत्तर शोधतं, आणि ते उत्तर सहसा "मी काहीतरी वाईट केलं असणार" असंच असतं.

हॉलोवे घरात म्हातारा कप्तान बरा होता. १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत पोरसवदा असताना होता असं किपलिंग सांगतो. तो मुलाला बंदरावर फिरायला न्यायचा, जहाजं दाखवायचा. १८७४ मध्ये तो वारला आणि मग घर बाईच्या आणि तिच्या थोराड मुलाच्या ताब्यात गेलं. बाई कडक धार्मिक. नरक म्हणून काही असतं हे पोराला तिच्याकडून पहिल्यांदा कळलं, तेही सविस्तर. मार तर होताच, पण त्याहून वाईट होती ती उलटतपासणी. दिवसभरात काय काय केलंस, हे झोपेला आलेल्या सात वर्षांच्या मुलाला खोदून खोदून विचारायचं. तो कुठेतरी चुकणारच. प्रत्येक विसंगती म्हणजे एक खोटं, आणि त्याचा पाढा सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांपुढे. किपलिंगने पुढे गमतीत लिहिलंय की लेखकाला लागते ती खोट्याची बारीक कलाकुसर मी इथेच शिकलो. ही गंमत वाचून मला तरी हसू आलं नाही.

मग तो जगला कसा? एक, वाचन. वडिलांनी चित्रांचं रॉबिन्सन क्रूसो पाठवलं होतं. त्याला वाचायला आवडतं हे लक्षात आल्यावर वाचायचं नाही ही शिक्षा झाली, म्हणून तो चोरून वाचू लागला. आणि दुसरं म्हणजे त्याचा एक खेळ. शिक्षा म्हणून तळघरातल्या दमट, बुरशी आलेल्या खोलीत एकट्याला ठेवत. तिथे त्याने क्रूसोसारखा व्यापार मांडला. सामान काय, तर तांबड्या दोरीत ओवलेली नारळाची करवंटी, एक पत्र्याची ट्रंक आणि खोक्याचा एक तुकडा. तो खोक्याचा तुकडा महत्त्वाचा. ते कुंपण. त्याच्या अलीकडचं जग आपलं, पलीकडच्यांना आत यायला बंदी. म्हातारपणी सुद्धा त्याने लिहून ठेवलंय की सगळी जादू त्या कुंपणात असते.

करवंटी! साउथसीच्या तळघरात! तो उल्लेख वाचला तेव्हा माहीमचे माड आठवले. त्याला आठवत असतील की नाही, कोण जाणे.

आता डिसेंबराकडे येतो. वर्षातला एक महिना, नाताळच्या दिवसांत, तो जॉर्जियाना मावशीकडे म्हणजे बर्न-जोन्स मंडळींकडे राहायला जायचा. लंडनजवळ फुलहॅमला 'द ग्रेंज' नावाचं घर. सुरुवातीला कुणीतरी पोचवायचं, नंतर एकटाच जायचा. दाराशी लोखंडी नक्षीची घंटा ओढायची मूठ होती. हात वर करून ती ओढली की दार उघडायचं आणि त्याच्याच शब्दांत सांगायचं तर स्वर्ग सुरू. फिलिप आणि मार्गारेट ही मावसभावंडं, घरभर रंगांचा आणि टर्पेंटाइनचा वास, संध्याकाळी मावशी अरबी कथा वाचून दाखवणार, आणि काका स्वतः खेळात. एकदा हे काका भर दिवसा हातात रंगाची ट्यूब घेऊन खाली आले. 'ममी ब्राउन' नावाचा तपकिरी रंग. तो खरोखरीच इजिप्तच्या ममी कुटून बनवतात हे त्यांना नुकतंच कळलं होतं (खरंच बनवत असत!), तेव्हा या राजाला रीतसर मूठमाती देणं भाग होतं. सगळ्यांनी बाहेर जाऊन ट्यूब पुरली. जागा अजून फूटभराच्या अंदाजाने दाखवू शकेन, असं किपलिंग साठी-सत्तरीत लिहितो.

आणखी एक प्रसंग तर फारच झकास. विल्यम मॉरिस, तोच तो कवी, छापखानावाला, वॉलपेपरवाला, आइसलंडचं वेड लागलेला, या घरचा स्नेही. एकदा काका-मावशी कुणी सापडेना म्हणून तो मुलांच्या खोलीत आला. मुलं पाव खात होती. म्हणाला, चला, गोष्ट सांगतो. मुलं टेबलाखाली जाऊन बसली आणि हा दाढीवाला अवाढव्य माणूस गंभीर चेहऱ्याने लाकडी घोड्यावर चढून मागे-पुढे डुलत, घोडा कुरकुरतोय त्याच तालात, भयंकर स्वप्नं पडणाऱ्या माणसाची गोष्ट सांगत राहिला. ती आइसलंडची जुनी कथा होती हे मुलाला कित्येक वर्षांनी कळलं.

त्याचा वाढदिवसही त्याच महिन्यातला, हे विसरू नका.

आणि मग एक तारीख यायची. तिचा विचार शक्यतो करायचा नाही असं ठरवलेलं, पण ती यायचीच. परत साउथसी. परतल्यावर दोन-तीन दिवस सकाळी जाग आली की रडू यायचं. रडला म्हणून पुन्हा चौकशी, पुन्हा शिक्षा.

माझी गाडी अडते ती इथे. हे असं सहा वर्षं चाललं. दर डिसेंबरात तो जिवापाड माया करणाऱ्या मावशीच्या मांडीशी बसून गोष्टी ऐकत होता. तोंडातून एक वाक्य निघालं असतं तरी पुरे होतं. मुंबई ते लंडन समुद्राखालची तार १८७० मध्येच सुरू झाली होती, म्हणजे मावशीला आईपर्यंत निरोप त्याच दिवसांत पोचवता आला असता. पत्राला सुद्धा तीन-एक आठवडे. सगळी व्यवस्था तयार होती. पण तो बोलला नाही.

पुढे मावशी त्याला पुन्हा पुन्हा विचारायची, तेव्हा सांगितलं का नाहीस? यावर त्याचं उत्तर आत्मचरित्रात आहे (ते तो गेल्यावर १९३७ मध्ये निघालं). एक म्हणजे मुलं जनावरांसारखीच, जे वाट्याला येतं ते कायमचंच ठरलेलं आहे असं धरून चालतात. दुसरं, सुटका व्हायच्या आत तुरुंगातल्या गोष्टी बाहेर सांगितल्या तर काय होतं हे मार खाणाऱ्या मुलाला पक्कं ठाऊक असतं.

पटण्यासारखंच आहे. पण मला तिसरं एक कारण दिसतं, ते त्याने लिहिलेलं नाही, माझा आपला अंदाज. हातात महिनाच होता. मोजून तीसेक दिवस. त्यात घोडा, टेबल, मॉरिस, ममी. यातला एक दिवस साउथसीबद्दल बोलून कोण वाया घालवेल? एकदा तिथलं नाव काढलं की तो स्वर्ग राहत नाही, तिथेही तीच चौकशी सुरू होणार. इथेही त्याने खोक्याचा तुकडा आडवा लावला होता, असं मला वाटतं. फक्त या वेळी कुंपणाच्या आत मावशी सुद्धा होती.

आणि मावशीला काय दिसत होतं? हसणारा, खिदळणारा, गोष्टींना हपापलेला पोरगा. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात. डेमोच्या दिवशी सगळं नीट चालतं. ती त्याला फक्त डिसेंबरात बघत होती.

शेवटी तोंडाने नाही तर डोळ्यांनी सांगितलं. दिसेनासं झाल्याने अभ्यास बुडाला. शाळेचा वाईट शेरा त्याने फेकून दिला आणि मिळालाच नाही म्हणाला. ते उघडकीस आलं, मार बसला आणि पाठीवर 'खोटारडा' अशी पाटी लावून त्याला साउथसीच्या रस्त्यांतून शाळेत पाठवलं. मग नसलेल्या वस्तू आणि सावल्या दिसायला लागल्या. बहुधा मावशीनेच पाठवलेल्या डॉक्टरने तपासलं तर पोरगा अर्धा आंधळा. १८७७ च्या वसंतात आई आली. पहिल्या रात्री ती पापा घ्यायला त्याच्या अंथरुणाशी वाकली, तर त्याने मार चुकवायला हात आडवा धरला. हे तिनेच त्याला पुढे सांगितलं. त्यानंतर तिने काही विचारायची गरज उरली नसावी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः त्याच्याच लिखाणातून, आणि तो माणूस गोष्टी रचण्यात जगात नावाजलेला. १८८८ साली अलाहाबादेत असताना त्याने याच अनुभवावर 'बा बा ब्लॅक शीप' ही कथा लिहिली आणि तीच पुढे आठवण म्हणून घट्ट झाली असेल, असं म्हणता येतं. ट्रिक्स बाईंची लाडकी होती. सुटकेनंतरही ती काही काळ त्याच घरी परत जाऊन राहिली, हेही खरं. म्हणजे आईलाही ते घर अगदी नरक वाटलं नसणार. पण तीच ट्रिक्स १९३९ मध्ये भावाच्याच बाजूने साक्ष देते. मला तपशिलांची खात्री नाही, पण आडवा धरलेल्या हाताची आहे.

फेब्रुवारीत मी पुण्याला परतलो तेव्हा जेवणाच्या टेबलाखाली दोन मोठी खोकी आणि माझी जुनी चादर लावून केलेलं घर होतं. आत तिची उशी. विचारलं तर आई म्हणाली, "अरे, तुम्ही गेल्यापासून ती तिथेच जेवते. आधी झोपायचीही तिथेच, मग बाबा रागावले म्हणून बंद केलं." मी म्हटलं, "फोनवर सांगितलं नाहीस ते!" तर, "तू तिकडे उगाच काळजी करत बसला असतास." बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तूही सांगायचास का, काय जेवतोस ते?" बरोबर होतं. मी पाव आणि मॅगीवर दिवस काढत होतो आणि रोज मजेत होतो. लेकीला विचारलं, अगं, तू का नाही बोललीस? तिने खांदे उडवले. "काय सांगायचं?" चादर मी काढली नाही. ती एप्रिलात एके दिवशी तिनेच धुवायला टाकली.

असो. घंटेचं राहिलं. बर्न-जोन्स १८९८ मध्ये वारले आणि ग्रेंज हातचं गेलं. किपलिंगने १९०२ मध्ये ससेक्समध्ये बेटमन्स नावाचं घर घेतलं, तोवर त्याची थोरली मुलगी सहाव्या वर्षी, १८९९ मध्ये, गेली होती. धाकटी दोघं होती. त्याने ती ग्रेंजच्या दारावरची लोखंडी मूठ मागून घेतली आणि आपल्या दाराशी लावली. दुसऱ्या मुलांनाही ती ओढताना बरं वाटावं म्हणून, असं त्याने लिहिलंय.

परवा हे लिहिण्याआधी लेकीला एवढा भाग सांगितला. मारहाण वगळली, ममीची ट्यूब ठेवली, ती तिला फार आवडली. मग विचारलं, "बेल किती उंच होती?" मी म्हटलं, हात वर करून पोचत होता. ती उठली, दाराबाहेर जाऊन आमच्या बेलखाली उभी राहिली, हात वर केला आणि दोनदा वाजवली. बायको आतून ओरडली, "कोण आहे बघा रे!"